गळक्या गवाक्षांची गोष्ट

पावसाळा लागला की घरोघरी एक ठराविक संवाद ऐकू येतो. "अहो, पुन्हा गळतंय." "कुठे?" "तिथेच, खिडकीखाली." मग गृहस्थ स्टुलावर चढतात, चौकटीवरून बोट फिरवतात, बाजारातून थोडे लुकण आणतात आणि जिथे थेंब दिसला तिथे ते अंगठ्याने दाबून बसवतात. पुढच्या सरीला थेंब हातभर पलीकडून पडू लागतो. भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, कॅलेंडरामागे हिरवट नकाशा उमटतो. पण घर काही बुडत नाही, म्हणून हे वर्षानुवर्षे चालते.

तीच खिडकी पाण्यावर तरंगणाऱ्या घराला असली, तर मात्र लुकण आणि अंगठा यांवर भागत नाही. जुन्या शिडाच्या नौकांच्या खिडक्या हा विषय मुंबई-पुण्याच्या वाचकाला जरा लांबचा वाटेल, याची मला कल्पना आहे. मीही सारे आयुष्य इमारतींच्या बांधकामात काढलेला माणूस. परंतु भाच्याच्या कृपेने तीन महिने या खिडक्यांच्या सहवासात घालवावे लागले, आणि घरातल्या गळतीविषयी जे चाळीस वर्षांत उमगले नव्हते, ते तिथे उमगले.

खिडकीला आपल्याकडे गवाक्ष असा एक जुना शब्द आहे. गो म्हणजे गाय-बैल आणि अक्ष म्हणजे डोळा. गंमत अशी की इंग्रज खलाशीही जहाजात बसवायच्या जाड, गोल काचेला बैलाचाच डोळा म्हणतात. कोणी कोणाचे उचलले हा वाद पंडितांनी घालावा. आपल्या कोकणातल्या उघड्या मचव्याला मात्र या डोळ्याची गरज पडत नाही. पाऊस आला तर माणसाने ताडपत्रीखाली शिरावे, एवढीच तिथली सोय. ज्या नौकेत बंद केबिन असते, माणसे आत झोपतात, स्टोव्हवर चहा करतात, तिला उजेड हवा. आणि उजेड हवा म्हणजे भिंतीला भोक पाडणे आले.

जुने जहाजबांधे या भोकाला फार भीत. त्यांच्या खिडक्या लहान असत, बहुधा गोल असत, आणि काच बोटभर जाड. गोल आकार हौसेखातर नव्हता. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो, गोलाला कोपराच नसतो. काचेभोवती कांशाचे, म्हणजे ब्रॉन्झचे, जाड कडे आणि वादळात काचेवर पाडून पिळाच्या कळीने आवळायला धातूची झाकणी. एवढा बंदोबस्त असूनही शहाणा कप्तान नांगर उचलण्यापूर्वी प्रत्येक झाकणी स्वतः हाताने दाबून पाही.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९३० नंतरच्या दशकात ॲक्रिलिक नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक निघाले. पर्स्पेक्स, प्लेक्सिग्लास ही त्याचीच बाजारातली नावे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर जे पारदर्शक घुमट असत, ते याचेच. काचेच्या निम्म्याने हलके, करवतीने कापता येणारे आणि काचेसारखे धारदार तुकडे न होणारे. दुसरी गोष्ट म्हणजे फायबरग्लास. १९६० च्या सुमारास काचेचे तंतू आणि राळ यांचे थर साच्यावर चढवून नौका भराभर निघू लागल्या, आणि ज्या कुटुंबांनी पूर्वी नौकेचे स्वप्नही पाहिले नसते ती त्या घेऊ लागली. गिऱ्हाईक कुटुंबवत्सल झाले, तशा खिडक्याही मोठ्या झाल्या. केबिन प्रशस्त दिसावी म्हणून हातभर लांबीच्या खिडक्या आल्या. प्रदर्शनात त्या फार छान दिसत असणार. आज त्या नौकांचे वय पन्नास आहे, आणि खिडक्यांचेही.

माझा भाचा इंग्लंडात साउदॅम्प्टनला असतो. त्या शहराजवळ हॅंबल नावाची एक लहानशी नदी समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही तीरांना इतक्या शिडाच्या नौका बांधलेल्या असतात की दुरून डोलकाठ्यांचे रानच दिसते. या रानातली एक काठी त्याने विकत घेतली. नौका तीस फुटी, १९७३ साली बांधलेली, किंमत जुन्या मोटारीएवढी. दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठ्या खिडक्या, शिवाय पुढच्या टोकाला दोन लहान, गोल, उघडझाप होणाऱ्या, कांशाच्या कड्यांच्या. पहिल्याच पावसाळी रात्री त्याच्या दहा वर्षांच्या मुलीच्या उशीवर पाणी ठिबकले. इंग्लंडात पावसाळी रात्र म्हणजे कोणतीही रात्र. सूनबाईंनी सकाळी गादी उन्हात घालायला बाहेर काढली, ऊन काही आले नाही, आणि घरात जो विषय निघायचा तो निघाला.

नौका घेताना तपासनिसाने अहवालात एक ओळ लिहिली होती: खिडक्या मूळच्या आहेत, खुल्या समुद्रावर जाण्यापूर्वी बदलाव्यात. भाच्याचा बेत तर पुढच्या उन्हाळ्यात तिघांनी बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनला जाण्याचा. "मामा, पाणी थेंब थेंब येतंय," तो म्हणाला, "बादली काही येत नाही." मी म्हटले, "थेंब हा रोगी नव्हे, नाडी आहे."

आकड्यांचा कंटाळा असलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सूनबाईंचे मत त्यानेच बदलले. ती खिडकी ९० सेंटिमीटर लांब आणि २४ सेंटिमीटर उंच होती. तिच्यावर एक मीटर समुद्राचे पाणी नुसते उभे राहिले, तर सुमारे सव्वादोनशे किलोंचा भार येतो. तीन धडधाकट माणसे काचेवर उभी राहिल्यासारखे. पण लाट उभी राहत नाही, धावून येते. फुटणाऱ्या लाटेचे पाणी ताशी ३६ किलोमीटर वेगाने आदळले तर तोच भार अकराशे किलोंच्या घरात जातो, म्हणजे एक लहान मोटारगाडी. आणि फुटते ती लाटेसमोरची खिडकीच असे नाही. पुष्कळदा लाट नौकेला उचलून आडवी फेकते, नौका पलीकडच्या कुशीवर आपटते, आणि त्या आडोशाच्या बाजूच्या खिडक्या जातात. उंचावरून पडणाऱ्याला पाणी फरशीसारखेच लागते.

हे पुस्तकी भय नव्हे. १९५७ च्या फेब्रुवारीत 'त्झू हांग' नावाची नौका ऑस्ट्रेलियाहून केप हॉर्नच्या वाटेवर होती. तिच्यावर माइल्स स्मीटन, हे ब्रिटिश अमदानीत हिंदी सैन्यात अधिकारी होते, त्यांच्या पत्नी बेरिल, जॉन गझवेल नावाचा तरुण आणि एक सयामी मांजर. दक्षिण पॅसिफिकात एका लाटेने नौका शेपटाकडून उचलून डोक्यावरून उलटी केली. बेरिलबाई समुद्रात फेकल्या गेल्या आणि कशाबशा परत वर आल्या. डोलकाठ्या मोडल्या. केबिनवरचा खिडक्यांचा उंचवटा होता तो मुळासकट नाहीसा झाला, आणि जिथे खिडक्या होत्या तिथे सहा फुटांचे भगदाड राहिले. सुदैवाने गझवेल हा पक्का सुतारकामाचा माणूस. त्याने सापडेल त्या फळ्या आणि शिडाचे कापड घेऊन ते भगदाड झाकले, बाकीच्यांनी बादल्यांनी पाणी उपसले, आणि महिन्याहून अधिक काळाने ती नौका चिलीच्या किनाऱ्याला लागली. मांजरही सुखरूप होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या मुंबईचेच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे नाव पुष्कळांना माहीत असेल. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला मनुष्य. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडातील फालमथ बंदरातून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तिथेच परतला. त्या शर्यतीला नऊ जण निघाले होते, पोहोचला हा एकटा. त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी नौका मुंबईत कुलाब्याला, सागवानाची, आपल्याच कारागिरांनी बांधली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात सोडली तेव्हा नारळ फुटला. प्रदक्षिणेत, सप्टेंबर १९६८ मध्ये, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाखाली एका लाटेने सुहेलीला आडवी केली. ती उभी राहिली, पण केबिनच्या कडा जागच्या हलल्या होत्या आणि सांध्यांतून पाणी येत होते. अशी दुसरी लाट आली तर सारी केबिनच उडून जाईल आणि डेकवर मोठा खड्डा उरेल, ही धास्ती त्याने लिहून ठेवली आहे. त्यावर त्याने केले काय, तर जास्तीचे बोल्ट आणि स्क्रू घालून केबिन पुन्हा आवळली आणि पुढे गेला. मुंबईच्या सागवानाने पुढचे सात महिने साथ दिली.

हे सारे ऐकून सूनबाई एवढेच म्हणाल्या, "खिडक्या झाल्याशिवाय मी बंदराबाहेर येणार नाही." बेत ठरला.

आता मुख्य प्रश्न: पाणी कुठून येते? उशी होती खिडकीच्या मागच्या, खालच्या कोपऱ्याखाली, म्हणून आधीच्या मालकांनी नेमका तोच कोपरा बाहेरून सिलिकोनने लिंपला होता. एकदा नव्हे, तीन थर होते, तीन रंगांचे. झाडाच्या खोडातली वर्तुळे मोजावी तसे मालक मोजता आले असते. पाण्याचा स्वभावच असा की ते जिथून शिरते तिथे कधी दिसत नाही. आतल्या सजावटीच्या अस्तरामागून, उतार मिळेल तसे, नौका बाकाला कललेली असेल त्या बाजूला सरकत जाते आणि जिथे अस्तर संपते तिथे टपकते. त्यामुळे आतून पाहून गळती शोधणे म्हणजे गंगा काशीला उगम पावते असे म्हणण्यासारखे आहे.

तिथल्या आवारात एक वृद्ध इंग्रज सुतार होता. त्याने सांगितलेली युक्ती इतकी सोपी की मी ती घरी येऊन दोन शेजाऱ्यांना सांगितली. वारा बाहेरून आत ढकलायचा नाही, आतून बाहेर ढकलायचा. नौकेची सारी दारे, झडपा, वायुछिद्रे चिकटपट्टीने बंद केली. जिन्याच्या दारात जाड पुठ्ठा लावला, त्याला भोक पाडून वाळकी पाने उडवायचे यंत्र त्यात खुपसले. केबिनमध्ये थोडासा दाब तयार झाला. मग साबणाचे पाणी रुंद कुंचल्याने बाहेरून फासले. जिथे फट तिथे बुडबुडा! नातीला हा खेळ फार आवडला. तिच्या हातात लाल मेणकांडी दिली, आणि प्रत्येक बुडबुड्याला तिने गोल केला. चार खिडक्यांवर मिळून एकवीस गोल झाले, आणि उशीवर थेंब पाडणारा खरा गुन्हेगार खिडकीच्या पुढच्या, वरच्या टोकाला सापडला, उशीपासून चांगला दोन हात दूर. शिवाय एक बुडबुडा खिडकीत नव्हताच. केबिनच्या छपरावर धरायला लाकडी कठडा असतो, त्याच्या एका स्क्रूच्या मुळाशी होता. खिडकी निर्दोष असताना तिच्यावर किती आळ येत असतील, देव जाणे.

खिडक्या काढायला लागलो. स्क्रू निघाले ते निम्मे सरळ, निम्मे मोडून. काच मात्र स्क्रूशिवायही चिकटून राहिली. तिच्या मागे पटाशी घालून उचकटली तर फायबरग्लासचा पापुद्रा निघतो. त्यासाठी भाच्याने गिटारची पोलादी तार आणली, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधल्या, आणि आम्ही दोघांनी मामा-भाच्यांनी एकाने इकडून, एकाने तिकडून ओढत करवतीसारखी ती कापली. निघालेले तावदान उजेडात धरले तर आत सूक्ष्म भेगांचे जाळे चांदीच्या तारांसारखे चमकत होते. पन्नास वर्षांचे ऊन, आणि त्याहून वाईट म्हणजे पन्नास वर्षांचा ताण. केबिनची भिंत थोडी बाकदार आणि तावदान सपाट. ते स्क्रूंनी ओढून भिंतीला वाकवले होते, आणि वाकवलेले प्लॅस्टिक मरेपर्यंत सरळ व्हायला धडपडत असते. शिवाय स्क्रूची डोकी काचेच्या पृष्ठभागाशी समतल बसावीत म्हणून भोके शंकूच्या आकाराने खोल केली होती. दिसायला सुबक, पण घट्ट केलेला प्रत्येक स्क्रू पाचरीसारखा काच फाडायला बसलेला. बहुतेक भेगा तिथूनच निघाल्या होत्या.

खरी चिंतेची गोष्ट तावदानाच्या मागे होती. फायबरग्लासच्या नौकेची केबिन पुष्कळदा एकसंध नसते. बाहेर एक पातळ कवच, आत एक, आणि मध्ये हलके लाकूड. प्लायवुड किंवा बाल्सा. यामुळे भिंत हलकी असून ताठ राहते. पण खिडकीसाठी भोक पाडले की या लाकडाची कड उघडी पडते. ती राळेने बंद करायला हवी. कारखान्यात ते कोणी केले नव्हते. पन्नास वर्षे स्क्रूच्या भोकांतून थेंब थेंब पाणी त्या लाकडात मुरत गेले होते. बाजारात मडके घेताना बायका टिचकी मारून पाहतात ना, तसे आम्ही हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत गेलो. निरोगी जागी टणटणीत आवाज, कुजलेल्या जागी थप्प. दोन खिडक्यांच्या खाली वीतभर पट्टा थप्प वाजला. बोटाने काढले तर लाकूड भिजलेल्या चहापत्तीसारखे हाताला आले.

गळकी खिडकी नौकेचे आयुष्य कशी खाते, हे इथे दिसते. गादी वाळते. भिंतीचा गाभा वाळत नाही, आणि गाभा गेला की दोन पातळ कवचे उरतात, ज्यांच्यावर ती अकराशे किलोंची लाट यायची असते.

ड्रिलच्या तोंडात वाकवलेला खिळा धरून कुजका गाभा कोरून काढला. चांगल्या भागातही कडेपासून दोन सेंटिमीटर आत गेलो. मग पंधरा दिवस नुसते वाळवणे. एप्रिल महिना, त्यात इंग्लंड; ओले लाकूड वाळावे म्हणून केबिनमध्ये रात्रंदिवस शेगडी आणि ओल शोषणारे यंत्र चालू. घाईने ओल्या लाकडावर राळ ओतली तर ओल आत कोंडली जाते आणि कूज चालूच राहते. शेवटी इपॉक्सी राळेत पूड घालून श्रीखंडाइतकी दाट केली आणि पोकळी भरली. ही राळ थंडीत जमत नाही, तिला निदान दहा-बारा अंश ऊब लागते, म्हणून तिला पांघरूण घालून दिवा लावून ठेवावे लागले. बाळंतिणीची खोली बरी, असे सूनबाई म्हणाल्या.

नवे तावदान १० मिलिमीटर जाडीचे, साच्यात ओतून तयार केलेल्या ॲक्रिलिकचे घेतले. यंत्रातून दाबून काढलेले स्वस्त पडते, पण त्याच्या अंगात आधीच ताण असतो. आणि इथून पुढे मामा-भाच्यांचा मतभेद सुरू झाला.

शाळेत आपण सारेच शिकलो आहोत की उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो, म्हणून पूर्वी रेल्वेच्या रुळांत फट ठेवत. ॲक्रिलिक या बाबतीत फार उतावीळ. तापमान चाळीस अंशांनी वाढले तर ९० सेंटिमीटरचे तावदान सुमारे अडीच मिलिमीटर लांबते. ज्या फायबरग्लासच्या भिंतीवर ते बसलेले असते, ती मात्र एक मिलिमीटरही पुरती वाढत नाही. म्हणजे दर उन्हाळी दुपारी आणि दर थंड रात्री तावदान आणि भिंत एकमेकांवरून दीड मिलिमीटर घसरतात. मधला मसाला कागदाइतका पातळ असला तर तो फाटणारच. तोच तीन मिलिमीटर जाड असला तर रबरासारखा ताणतो, परत येतो आणि सांधा टिकतो. जुन्या खिडकीत कोणी तरी निष्ठेने प्रत्येक स्क्रू शक्य तितका आवळला होता, आणि सारा मसाला बाहेर पिळून काढला होता. घट्ट म्हणजे पक्के, हा आपला सर्वांचा समज. नळाच्या वॉशरपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत तो आपण लावतो. या खिडकीला तो लागू नाही.

भाच्याचे म्हणणे होते की स्क्रू-बोल्ट नकोतच. हल्ली गगनचुंबी इमारतींच्या काचा ज्या सिलिकोनने नुसत्या चिकटवतात, तेच वापरावे, वजन पेलायला कडेने फोमची दुतोंडी चिकटपट्टी लावावी, भोक पाडायलाच नको. शास्त्राला धरून आहे, आणि नव्या नौकांत हेच करतात. माझे म्हणणे असे की कारखान्यात, ठरलेल्या तापमानात, स्वच्छ पृष्ठभागावर चिकटवणे वेगळे आणि हॅंबलच्या वाऱ्यात, पन्नास वर्षे सिलिकोन फासलेल्या भिंतीवर चिकटवणे वेगळे. सिलिकोनचा हाच मोठा दुर्गुण. ते काढले तरी डोळ्यांना न दिसणारा थर मागे ठेवते, आणि त्यावर रंग, राळ, दुसरे काहीच नीट बसत नाही. नवे सिलिकोनसुद्धा! शिवाय तावदान बाहेरच्या अंगाने बसवलेले, भिंतीवर चोहोबाजूंनी तीन सेंटिमीटर टेकलेले. लाट त्याला आत ढकलते तेव्हा भिंतच त्याला धरते. बोल्टांचे काम फक्त ते जागेवर ठेवण्याचे.

वृद्ध सुताराने दोघांचे ऐकून घेतले आणि निकाल माझ्या बाजूने दिला, पण मसाला भाच्याच्याच पसंतीचा ठरवला. पॉलिसल्फाइड नावाचा एक उत्तम मसाला आहे, लाकूड आणि कांसे यांच्यासाठी त्याला तोड नाही, पण ॲक्रिलिकला तो खातो, त्यावर भेगा पाडतो. पॉलियुरेथेन असे चिकटते की पुढे खिडकी काढायची तर भिंत बरोबर येते. ब्यूटाइलची चिकट पट्टी कधीच वाळत नाही, हा तिचा गुण, पण मोठ्या खिडकीला भर उन्हात ती ओघळते. म्हणून सिलिकोन, पण भिंत आधी काचकागदाने पांढरी होईपर्यंत घासून.

भोके पाच मिलिमीटरच्या बोल्टांना साडेसात मिलिमीटरची पाडली, म्हणजे तावदानाला हलायला जागा. नेहमीच्या ड्रिलची धार ॲक्रिलिकला एकदम चावते आणि पलीकडच्या अंगाला टवका उडतो, म्हणून धार थोडी बोथट करून, खाली लाकूड ठेवून, सावकाश पाडली. बोल्टांची डोकी सपाट बुडाची, खाली रबरी वॉशर. तावदानावरचा कागद फक्त कडेचा सोलला. उरलेला सोलण्याचा मान नातीचा होता आणि ती दर तासाला विचारत होती. पुसायला फक्त साबण-पाणी. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल, अमोनिया घातलेले काच पुसायचे द्रव, यांतले काहीही ॲक्रिलिकला लागता कामा नये, नाही तर नव्या तावदानात जुन्याच भेगा उगवतात.

मग तीन मिलिमीटर जाडीच्या रबराच्या चकत्या भिंतीवर चिकटवल्या, मसाल्याची जाड वेल सलग, कुठेही न तोडता घातली, आणि तावदान हलकेच टेकवले. बोल्ट हाताने फिरतील तेवढेच. सर्व बाजूंनी मसाला जरासा बाहेर आला की थांबायचे. भाच्याचा हात पान्याकडे वळला तेव्हा सुताराने पाना उचलून स्वतःच्या खिशात घातला. आठवड्याने मसाला जमला, तेव्हा प्रत्येक नट पाव फेरा आवळला. नट फक्त, बोल्टचे डोके दुसऱ्या हाताने धरून. डोके फिरले तर त्याच्याभोवती जमलेला मसाला सुटतो आणि पुन्हा एकवीस बुडबुडे.

पुढच्या दोन गोल खिडक्यांना फारसे करावे लागले नाही. कांशाची कडी पन्नास वर्षांनंतरही ठणठणीत होती. कोणी तरी मधल्या काळात त्यांना पितळी स्क्रू लावले होते, ते मात्र गुलाबी पडले होते. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि तांब्याचा पोकळ सांगाडा राहतो. एक स्क्रू तर बोटांत बिस्किटासारखा तुटला. कांशाचे नवे घातले. झाकणांच्या खाचेतील रबराची दोरी बदलली, तिचा सांधा तिरपा कापून वरच्या बाजूला ठेवला. खाली ठेवला तर साचलेले पाणी नेमके तिथेच बसून राहते.

राहिली वादळाची झाकणे. खुल्या समुद्रातील शर्यतींच्या जुन्या नियमांत दोन चौरस फुटांहून मोठ्या प्रत्येक खिडकीला बाहेरून लावायचे झाकण सोबत असावे, असे कलम होते. आमची खिडकी सव्वादोनहून थोडी जास्त भरली. शर्यतीत भाग घ्यायचा नव्हता, पण लाटेला ते कुठे ठाऊक? १२ मिलिमीटर प्लायवुडची चार झाकणे कापली, बोल्टांसह नीट बसवून पाहिली, नातीने त्यांवर १ ते ४ आकडे रंगवले, आणि ती बाकाखाली ठेवून दिली.

शेवटी रबरी नळीची परीक्षा. आत प्रत्येक कोपऱ्यात वर्तमानपत्राचा कागद चिकटवून सूनबाई विजेरी घेऊन बसल्या. बाहेरून पाणी आधी खालच्या कडेला, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि कोणती फट दोषी ते कळत नाही. अर्धा तास प्रत्येक खिडकीवर. कागद कोरडे राहिले. कठड्याचा स्क्रूही तोपर्यंत नव्याने बसवला होता, तरी सूनबाईंनी त्याच्यावर दहा मिनिटे जास्त पाणी सोडायला लावले.

जूनच्या अखेरीस ती तिघे निघाली. मी तोवर परत आलो होतो. फ्रान्सच्या ब्रिटनी टोकापासून स्पेनच्या ला कोरुन्यापर्यंत बिस्के ओलांडायला त्यांना साडेतीन दिवस लागले. दुसऱ्या रात्री वारा चढला, नौका कानाएवढी कलली, पाणी आडोशाच्या खिडक्यांवरून हिरवेगार वाहत गेले. ती झाकणे लावण्याची वेळ आली नाही. ला कोरुन्याहून सूनबाईंचा फोन आला. खिडक्यांची मी चौकशी करताच त्या हसू लागल्या. चारही खिडक्यांतून थेंब आला नव्हता, पण गादी मात्र चिंब भिजली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नौकेपुढे डॉल्फिन उड्या मारताना दिसले, म्हणून नातीने पुढची गोल खिडकी उघडली होती.